मंगळवारची खरेदी, बुधवारचं मॉडेल

२०२४ साली धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला, मंगळवारी आली. या दिवशी सोन्याच्या वळ्याबरोबर आता लॅपटॉपही घरी येतो. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेल्या मुलीसाठी, घरून काम करणाऱ्या सुनेसाठी, दुकानाचा हिशेब संगणकावर नेऊ पाहणाऱ्या मुलासाठी. त्या मंगळवारी ज्यांनी एम३ चिपचा मॅकबुक एअर घेतला, त्यांना मूळ मॉडेलमध्ये ८ जीबी रॅम मिळाली. त्याची कंपनीने ठरवलेली किंमत होती १,१४,९०० रुपये. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ॲपलने जाहीर केलं की याच मॉडेलची सुरुवात यापुढे १६ जीबी रॅमपासून होईल आणि किंमत तीच राहील. जुन्या एम२ एअरलाही तोच नियम लागू झाला, तोही ९९,९०० या आधीच्याच किमतीत. त्याच घोषणेत एम४ चिपचा मॅकबुक प्रो आला. त्याची सुरुवातीची किंमत १,६९,९०० रुपये होती. आदल्या वर्षीचा एम३ चिपचा मॅकबुक प्रो याच किमतीपासून सुरू झाला होता, फक्त त्यात रॅम निम्मी होती.

ज्यांनी सणाचा दिवस साधला, त्यांच्या हाती चोवीस तासांत जुनं ठरलेलं यंत्र उरलं. या तोट्याची किंमतही मोजता येते. आदल्या दिवसापर्यंत ८ ऐवजी १६ जीबी हवी असेल तर कंपनी भारतात २०,००० रुपये जादा घेत होती. बुधवारी ते वीस हजार शून्यावर आले.

यात फसवणूक झाली का, याचं उत्तर सोपं नाही. मंगळवारचा लॅपटॉप उत्तम चालत होता आणि बुधवारीही तितकाच उत्तम चालला. पण ग्राहकाला जो चटका बसतो त्याकडे ‘टेक्नॉलॉजीत हे चालायचंच’ असं म्हणून काणाडोळा करणं मला पटत नाही. एक लाख पंधरा हजार ही आपल्याकडच्या पुष्कळ घरांत वर्षभराच्या बचतीची किंवा बारा हप्त्यांच्या कर्जाची रक्कम असते. घरात लॅपटॉपची खरेदी चार-पाच वर्षांतून एकदा होते. तारीख चुकली तर ती चूक चार-पाच वर्षं सोबत राहते.

आणि आता ती दुरुस्तही करता येत नाही. हा बदल गेल्या पंधरा-वीस वर्षांतला आहे, पण खरेदी करताना तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. पूर्वी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन माणूस आपल्या संगणकाचं वय कमी करून आणत असे. रॅमची एक पट्टी जादा बसवली, हार्ड डिस्क बदलली की जुनं यंत्र आणखी तीन वर्षं निघायचं. त्यामुळे नवं मॉडेल आलं तरी जुन्या गिऱ्हाइकाला फार हळहळ वाटत नसे. फरक थोड्या पैशांत भरून काढता येत होता. आज मॅकबुकमध्ये रॅम चिपच्याच पॅकेजमध्ये येते आणि अनेक पातळ विंडोज लॅपटॉपमध्येही ती मदरबोर्डला झाळलेली असते. घेतली तेवढीच कायमची. म्हणून ८ की १६ हा प्रश्न बिलावर सही करतानाच सुटतो, आणि नेमकं त्याच क्षणी ग्राहकाला उद्याची माहिती नसते.

खुद्द ॲपलचा सुरुवातीचा इतिहास वेगळा आहे. पहिला मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये २,४९५ डॉलरला आला. त्यात १२८ किलोबाइट मेमरी होती आणि ती अपुरी आहे हे लवकरच सगळ्यांच्या ध्यानात आलं. सप्टेंबरमध्ये चौपट मेमरीचं मॉडेल बाजारात आलं. पण त्याच वेळी कंपनीने पहिल्या गिऱ्हाइकांना ९९५ डॉलर भरून आतला बोर्ड बदलून घेण्याची सोय दिली. रक्कम भारी होती आणि लोक कुरकुरलेही. तरी एक दार उघडं होतं: जुनं यंत्र घेऊन या, फरक भरा, नवं होऊन परत न्या. चाळीस वर्षांनी तेच दार त्याच कंपनीच्या यंत्रात झाळून बंद झालं आहे.

*

आपला कायदा याबद्दल काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात ‘दोष’ म्हणजे दर्जा, प्रमाण, शुद्धता, मानक यांतली उणीव. शेजारी नवं मॉडेल येऊन उभं राहिलं म्हणून जुन्यात दोष निर्माण होत नाही. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस. म्हणजे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलाच्या तळाशी छापलं म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. पण माल निर्दोष असेल आणि फक्त शिळा झाला असेल, तर कायद्याचा हात तिथवर पोचत नाही.

ऑनलाइन खरेदीतही तेच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल, नकली असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा ठरल्यापेक्षा उशिरा आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यावी लागते. ‘मला नको’ एवढ्या कारणासाठी परत करण्याचा हक्क भारतात सरसकट नाही. लॅपटॉपच्या बाबतीत बहुतेक संकेतस्थळं फक्त बिघाड असेल तर बदलून देतात, आणि त्याआधी बऱ्याचदा सर्व्हिस सेंटरचा दाखला मागतात.

युरोपीय संघात हे चित्र निराळं आहे. तिथे घरबसल्या खरेदी केलेली वस्तू चौदा दिवसांत कोणतंही कारण न देता परत करता येते. २०११ चा हा निर्देश जून २०१४ पासून सगळ्या सदस्य देशांत लागू झाला. गरजेपेक्षा जास्त वापराने वस्तूची किंमत घटली असेल तर विक्रेता तेवढी वजा करू शकतो. परतीचा हक्क मात्र शाबूत राहतो. चीनने मार्च २०१४ पासून ऑनलाइन खरेदीला सात दिवसांची विनाकारण परतीची मुदत दिली. म्हणजे २०२४ च्या त्या आठवड्यात म्युनिकला शिकणाऱ्या मराठी मुलाने ऑनलाइन एअर घेतला असता तर गुरुवारी तो परत पाठवून त्याच पैशांत दुप्पट रॅमचा मागवता आला असता. नाशकात दुकानातून घेणाऱ्या त्याच्या बहिणीला तो मार्ग नव्हता.

अमेरिकेत असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. तिथे दुकानाचं धोरण चालतं आणि स्पर्धेमुळे ते बरंच उदार असतं. ॲपलच्या स्वतःच्या दुकानातून घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते, आणि त्या मुदतीत कंपनीने किंमत उतरवली तर फरक मागता येतो. ही सोय थेट कंपनीकडून खरेदी करणाऱ्यांची. महाराष्ट्रात कंपनीचं पहिलं दुकान वांद्रे-कुर्ला संकुलात एप्रिल २०२३ मध्ये उघडलं आणि पुण्यातलं कोरेगाव पार्कमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये. कोल्हापूर, जळगाव, लातूर, पणजीचं गिऱ्हाईक दुकानात जातं ते अधिकृत विक्रेत्याच्या. तिथे सील तुटलं की तो ‘ओपन बॉक्स’ पीस होतो, आणि ओपन बॉक्स पीस दुकानदार कशाला परत घेईल?

*

या विषयातला सर्वांत गाजलेला प्रसंग २००७ चा आहे. तो फोनचा असला तरी संगणकाला तंतोतंत लागू पडतो. पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीला आला. ८ जीबीचं मॉडेल ५९९ डॉलर. दुकानांबाहेर लोक आदल्या रात्रीपासून रांगेत होते. ५ सप्टेंबरला, म्हणजे ६८ दिवसांनी, स्टीव्ह जॉब्स यांनी त्याची किंमत एकदम ३९९ वर आणली आणि ४ जीबीचं मॉडेल बंद करून टाकलं. ज्यांनी सर्वांत जास्त उत्साहाने, सर्वांत आधी पैसे मोजले होते, त्यांचेच दोनशे डॉलर सर्वांत आधी गेले. शेकडो जणांनी थेट जॉब्स यांना ई-मेल लिहिले.

दुसऱ्याच दिवशी जॉब्स यांचं खुलं पत्र प्रसिद्ध झालं. किंमत उतरवण्याचा निर्णय बरोबरच आहे, या धंद्यात रोज काहीतरी सुधारत असतं, पुढच्या मॉडेलची वाट पाहत बसलं तर कधीच काही घेता येणार नाही, असा त्यांचा आधी युक्तिवाद होता. पण त्यापुढे त्यांनी मान्य केलं की सुरुवातीच्या ग्राहकांनी कंपनीवर विश्वास टाकला आणि तो विश्वास अशा वेळी कृतीने राखला पाहिजे. त्या ग्राहकांना ॲपलच्या दुकानात वापरता येईल असं १०० डॉलरचं क्रेडिट जाहीर झालं. चौदा दिवसांच्या आत घेतलेल्यांना तर पूर्ण फरक परत मिळण्याची सोय होतीच. चारच दिवसांनी कंपनीने दहा लाखावा आयफोन विकल्याची घोषणा केली. क्रेडिट दिल्याने धंदा बसला नाही.

मला या प्रसंगात रकमेपेक्षा तो मान्य करण्याचा भाग मोलाचा वाटतो. कायद्याने कंपनी काही देणं लागत नव्हती. फोन सदोष नव्हते. तरी तारखेचा तोटा एकट्या ग्राहकाने सोसू नये, निदान अर्धा आपण उचलावा, हे जगातल्या सर्वांत नफेखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपन्यांपैकी एकीने एका दिवसात कबूल केलं. पुढे असं पुन्हा-पुन्हा घडलं नाही. मार्च २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या आयपॅडला ऑक्टोबरमध्येच चौथी पिढी आली, नव्या चिपसह आणि चार्जरच्या नव्या सॉकेटसह. सात महिन्यांपूर्वीच्या ग्राहकांसाठी तेव्हा असं कुठलंही खुलं पत्र निघालं नाही.

*

कंपन्या आधी सांगत का नाहीत, हा यावरचा साहजिक प्रश्न. त्याचं उत्तर ज्या माणसाच्या नावाने ओळखलं जातं, तो आपल्याच देशातल्या तमिळनाडूत वाढला. ॲडम ऑसबर्न यांचा जन्म १९३९ मध्ये बँकॉकचा. वडील आर्थर ऑसबर्न हे रमण महर्षींचे भक्त, त्यामुळे ॲडमचं लहानपण तिरुवण्णामलैमध्ये गेलं. मोठेपणी अमेरिकेत त्यांनी संगणकावरची पुस्तकं लिहून नाव कमावलं, आणि एप्रिल १९८१ मध्ये ऑसबर्न १ हा संगणक आणला. पाच इंची पडदा, साधारण अकरा किलो वजन, बॅगेसारखं हँडल, सोबत वर्डस्टार आणि सुपरकॅल्क, हे सगळं १,७९५ डॉलरमध्ये. हातात उचलून नेता येईल असा, धंद्यात खपलेला तो पहिला संगणक. भरात असताना महिन्याला दहा हजार नग जात.

१९८३ च्या सुरुवातीला ऑसबर्न यांनी येणाऱ्या मॉडेलची चर्चा उघडपणे सुरू केली. विक्रेत्यांनी जुन्या मॉडेलच्या ऑर्डरी थांबवल्या. नवं अजून हातात नाही आणि जुनं कुणाला नको. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे की केप्रोसारखे स्वस्त प्रतिस्पर्धी, आयबीएमशी जुळणारे संगणक, शिवाय ढिसाळ हिशेब, यांचाही त्यात मोठा वाटा होता. पण ‘ऑसबर्न इफेक्ट’ हे नाव पडलं ते पडलंच. संगणकाच्या प्रत्येक कंपनीने त्यातून एकच धडा घेतला: पुढचं मॉडेल जाहीर होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ऑसबर्न स्वतः आजारपणात भारतात परतले आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारले.

म्हणून गुप्ततेबद्दल माझा कंपन्यांशी वाद नाही. आधी सांगितलं तर गोदामातला माल पडून राहील, कामगारांच्या नोकऱ्या जातील, हे खरं आहे. प्रश्न आहे तो त्या गुप्ततेचा खर्च कुणी उचलायचा हा. तारीख कंपनीला माहीत असते. ती लपवण्याचा फायदाही कंपनीचा, कारण त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत जुना माल पूर्ण भावात खपतो. मग त्या शेवटच्या काही दिवसांत पूर्ण भाव मोजणाऱ्याचं नुकसान भरून देण्याची जबाबदारीही तिथेच जायला हवी.

हे काही स्वप्नरंजन नाही. संगणकाच्या व्यापारात हीच व्यवस्था कित्येक दशकं चालू आहे, फक्त ती ग्राहकापर्यंत सहसा येत नाही. तिला ‘प्राइस प्रोटेक्शन’ म्हणतात. कंपनीने किंमत उतरवली की वितरकाकडे पडून असलेल्या मालावर फरकाची क्रेडिट नोट मिळते. मोठा वितरक ती करारातच लिहून घेतो. मोठ्या साखळी दुकानांनाही ती मिळते. काही करारांत न खपलेला माल ठरावीक प्रमाणात परत करण्याची मुभा असते. म्हणजे नवं मॉडेल येण्याची जोखीम ही खरी जोखीम आहे, तिचा बंदोबस्त करावा लागतो, हे कंपनीपासून वितरकापर्यंत सगळ्यांना मान्य आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा तालुक्याच्या गावातल्या ज्या छोट्या दुकानदाराने उपवितरकाकडून रोखीने चार नग उचललेले असतात, त्याला बऱ्याचदा ती नोट मिळत नाही. आणि आपल्याकडच्या ग्राहकाला तर जवळजवळ कधीच नाही. साखळीत सर्वांत कमी माहिती आणि सर्वांत कमी ताकद असलेल्या दोघांवर सगळा भार येऊन पडतो. त्यामुळे काउंटरवर त्या दोघांचीच भांडणं होतात, आणि तारीख ठरवणारा त्या काउंटरवर कधी नसतो.

सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र हा प्रश्न सोडवून दाखवला आहे. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये येणार होती. मायक्रोसॉफ्टने २६ जून २००९ पासून तेव्हाच्या विंडोज व्हिस्टाच्या ठरावीक आवृत्त्यांसह संगणक घेणाऱ्यांना नवी आवृत्ती देण्याची योजना लावली; काही कंपन्यांनी फक्त पाठवणीचा खर्च घेतला. विंडोज ८ च्या वेळी २ जून २०१२ नंतरच्या खरेदीदारांना भारतात ती ६९९ रुपयांत मिळाली. हे ग्राहकावरच्या मायेपोटी नव्हतं. चार महिने संगणकाची विक्री थंडावू नये म्हणून होतं. ऑसबर्न यांच्या संकटावरचं हे उत्तर होतं: नवं काय येणार हे उघड सांगा, आणि आज घेणाऱ्यालाही त्यात वाटा द्या.

यंत्राच्या बाबतीत ते इतकं स्वस्तात होत नाही, हे मान्य. डिस्क पाठवणं आणि वापरलेला लॅपटॉप परत घेणं यात मोठं अंतर आहे. परत आलेलं यंत्र पुसून, तपासून, कमी भावात विकावं लागतं. मुदत लांबली तर गैरफायदाही घेतला जातो. अमेरिकेतल्या कॉस्को या साखळीत टीव्हीसारख्या वस्तू कितीही वर्षांनी परत करता येत असत. लोक जुना टीव्ही परत करून त्याच पैशांत नवा, मोठा टीव्ही नेऊ लागले, तेव्हा २००७ मध्ये कंपनीला इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी नव्वद दिवसांची मर्यादा घालावी लागली. तेव्हा मी सहा महिन्यांची मुदत मागत नाही. चौदा किंवा तीस दिवस. त्या मुदतीत नवं मॉडेल आलं तर फरक भरून बदलून घेण्याचा किंवा फरकाइतकं क्रेडिट मिळण्याचा पर्याय.

*

तोवर ग्राहकाच्या हातात काय आहे?

पुष्कळ काही आहे, पण ते पैसे देण्याच्या आधी. कलम २(४७) पुन्हा वाचण्यासारखं आहे. वस्तू अमुक दर्जाची, शैलीची किंवा ‘मॉडेल’ची आहे असं खोटं सांगणं ही अनुचित प्रथा आहे. जुना माल नवा म्हणून खपवणं हीसुद्धा. आणि ते विधान तोंडी असलं तरी चालतं. म्हणजे विक्रेता ‘लेटेस्ट आहे, साहेब’ म्हणाला आणि ते नसलं, तर तुमचा दावा दोषाचा न राहता खोट्या विधानाचा होतो, आणि तो कितीतरी भक्कम असतो. म्हणून व्हॉट्सॲपवर सरळ विचारावं: हे मॉडेल कोणत्या साली आलं, प्रोसेसर कोणत्या पिढीचा, याच्यानंतरचं मॉडेल बाजारात आहे का? उत्तर लेखी मिळतं किंवा टाळलं जातं. दोन्हींतून आपल्याला हवं ते कळतं.

पिढीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण नावावरून नवं वाटणारं आतून जुनं असू शकतं. एएमडीची रायझन ७०२० ही मालिका सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली. रायझन ५ ७५२०यू असं नाव वाचून कुणालाही ते ताज्या ७००० मालिकेतलं वाटेल. आतली रचना मात्र झेन २, म्हणजे २०१९ साली आलेली. कंपनीने नावातल्या तिसऱ्या अंकावरून ती ओळखता येईल असा तक्ता प्रसिद्ध केला होता. पण गिऱ्हाइकाने दुकानात उभं राहून तो तक्ता आठवावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

खोक्यावरचा महिना पाहावा. वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार निर्मितीचा महिना आणि साल छापणं बंधनकारक आहे. चौदा महिन्यांपूर्वीचा नग पूर्ण भावात मिळत असेल तर घासाघीस करायला तो छापील महिना पुरेसा आहे. ‘फक्त दोनच शिल्लक’, ‘ऑफर दहा मिनिटांत संपेल’ या पाट्यांना घाबरू नये. खोटी घाई निर्माण करणं हे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हणून नोंदलेलं आहे. आणि ज्या कंपनीची नवी मॉडेलं वर्षानुवर्षं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतात, तिचं यंत्र दिवाळीच्या सेलमध्ये घेताना घोषणा होऊन जाईपर्यंत थांबावं, किंवा त्या थांबण्याइतकी सूट मिळवावी. जुनंच मॉडेल सूट घेऊन जाणूनबुजून घेण्यात काहीच वावगं नाही. मंगळवारी एअर पंधरा हजारांनी स्वस्त मिळाला असेल तर तो सौदा वाईट म्हणता येणार नाही. रॅमचे भाव वर जात असतील, जसे ते २०२५ च्या अखेरीला चढले, तर थांबणारा उलट जास्त मोजतो.

फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. वकिलाची सक्ती नाही.

पण एकेकट्या तक्रारीने मुदतीचा प्रश्न सुटणार नाही. कारण तिथे कायद्याचा भंगच झालेला नसतो. त्यासाठी नियम हवा, आणि नियम मागण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. केंद्राचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये, आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. कायदा नव्हता तेव्हा इथल्या लोकांनी घराघरांत एकत्र खरेदी करून व्यापाऱ्याला भाव आणि दर्जा याबद्दल बोलतं केलं. आज ई-कॉमर्स नियमांच्या यादीत एक कलम वाढवावं अशी मागणी त्याच चळवळीने करायला हवी: खरेदीनंतर तीस दिवसांच्या आत कंपनीने तेच मॉडेल सुधारलं, बदललं किंवा स्वस्त केलं, तर फरक कंपनीने द्यावा, आणि तो दुकानातल्या खरेदीलाही लागू असावा.

देणं कंपनीचं असावं, दुकानदाराचं नव्हे. ही अट सुटली तर गल्लीतलं दुकान त्या नियमाखाली चिरडलं जाईल. हिशेबाची अडचण सांगितली जाईल, पण ती खरी नाही. प्रत्येक लॅपटॉपला सीरियल नंबर असतो. तो कोणत्या तारखेला चालू झाला, वॉरंटी कधीपासून धरायची, हे कंपनीच्या नोंदीत आधीच असतं. वॉरंटी एक दिवस उलटली तर नाकारण्यासाठी तीच नोंद बिनचूक वापरली जाते. वितरकाला क्रेडिट नोट द्यायची यंत्रणाही तयार आहे. तीस दिवसांतले सीरियल नंबर काढायचे आणि त्यांच्या मालकांना नोट पाठवायची, एवढंच काम उरतं.